उन्नत मार्गाखालचा रस्ता आधी आखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : तळेगाव–चाकण–शिक्रापूर मार्गाचे रुंदीकरण आणि त्यावरील गावे

महोदय,

तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्याविषयी सध्या जे छापून येते, त्यात प्रश्न दोनच असतात : उन्नत मार्ग कधी होणार आणि टोल किती लागणार. त्या मार्गाच्या खाली जो रस्ता उरणार आहे त्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. वरून कंटेनर जातील हे खरे; पण इंदोरी, सुदुंबरे, खालुंब्रे, म्हाळुंगे आणि चाकणची माणसे रोज वापरणार तो खालचाच रस्ता. एकदा खांब उभे राहिले की खालचा रस्ता पुढची पन्नास वर्षे बदलता येत नाही. म्हणून आमची मागणी एवढीच आहे, की आधी खालचा रस्ता पूर्ण आखावा आणि मग खांबांच्या जागा ठरवाव्यात. आजवर बहुतेक ठिकाणी याच्या उलट झाले आहे.

हा मूळचा राज्य मार्ग क्र. ५५. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ५४८ डी झाला. जुना मुंबई–पुणे महामार्ग, पुणे–नाशिक महामार्ग आणि पुणे–अहिल्यानगर महामार्ग यांना तो पुणे शहरात न शिरता जोडतो. त्यामुळे तिन्ही रस्त्यांवरची जड वाहने इथे येतात आणि त्यात चाकण औद्योगिक वसाहतीची स्वतःची वाहतूक मिसळते. जाहीर झालेल्या आराखड्यानुसार तळेगाव ते चाकण या टप्प्यात खाली चौपदरी रस्ता व वर उन्नत मार्ग होईल आणि चाकण ते शिक्रापूर जमिनीवरूनच रुंद रस्ता जाईल. हे दोन टप्पे स्वभावाने पूर्ण वेगळे आहेत. पहिला कारखान्यांचा आणि दाट वस्तीचा, दुसरा शेतीचा. दोन्हीला एकच ठरावीक आडवा छेद (रस्त्याच्या रुंदीची मांडणी) लावला तर दोन्हीकडे चुकेल.

आधी खांबांचे बोलू. चौपदरी रस्त्याच्या मध्यावर खांब म्हटला की दुभाजक अडीच ते तीन मीटर रुंद धरतात. दोन्ही बाजूंना साडेसात मीटरचा रस्ता आणि दीड मीटरची साईडपट्टी. कागदावर हे नीट बसते. आता त्यात चाकणचा नेहमीचा ट्रेलर आणा. तो सोळा मीटर लांब असतो, मोटारी वाहून नेणारे कॅरियर त्याहून लांब. अशा वाहनाला एका दमात उलट फिरायला साधारण २४-२५ मीटर व्यासाची जागा लागते. चालकाने बाहेरच्या लेनमधून वळण घेतले तरी त्याच्या आतल्या लेनचे साडेतीन, दुभाजकाचे तीन, समोरच्या रस्त्याचे साडेसात आणि पलीकडच्या साईडपट्टीचे दीड धरून जेमतेम साडेपंधरा मीटर भरतात. आठ-नऊ मीटर कमी पडतात. मग तो ट्रेलर पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो. तेवढा वेळ दोन्ही बाजू बंद राहतात. आज चौकांत कोंडी होते तिचे मोठे कारण गाड्यांची संख्या आहेच, पण एका ट्रेलरच्या अशा दोन-तीन हेलपाट्यांत पाठीमागे शंभर गाड्या थांबतात हेही आहे.

यावर उपाय माहीत असलेला आणि स्वस्त आहे. जिथे जड वाहनांना वळण द्यायचे तिथे समोरच्या कडेला दहा मीटर खोल आणि ४०-५० मीटर लांब फुगीर जागा ठेवायची आणि ती खडी-डांबराच्या पूर्ण थरांची करायची. मुरूम पसरून भागत नाही, कारण वळताना ट्रेलरची मागची चाके जागच्या जागी घासतात आणि मुरूम आठवड्यात उखडतो. अडचण जमिनीची आहे. ही दहा मीटर जागा आज भूसंपादनाच्या नकाशात आली तर मिळेल. नंतर तिथे शोरूम किंवा वजनकाटा उभा राहिलेला असेल. अशी वळणे गावठाणापासून दूर, शक्यतो औद्योगिक वसाहतीच्या मोकळ्या जागांना लागून द्यावीत. दुचाकी आणि मोटारींसाठी छोटी वळणे वेगळी ठेवावीत. दोन्ही एकाच ठिकाणी दिली की दुचाकीस्वार ट्रेलरच्या आतल्या बाजूने घुसतात. तिथे चालकाला आरशात काहीही दिसत नाही.

दुसरी गोष्ट नजरेच्या टप्प्याची. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाहनाला थांबायला ६० मीटर अंतर लागते, हे रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे प्रमाण आहे. खांब दोन मीटर किंवा त्याहून जाड असतो. त्याच्या आडून पाय टाकणारा माणूस चालकाला दिसतो तो दहा-बारा मीटरवर. म्हणून पादचारी ओलांडणी खांबाला चिकटून कधीच नसावी. दोन खांबांच्या बरोबर मध्ये, म्हणजे गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या अंतराच्या) मधोमध असावी. तिच्या दोन्ही बाजूंना दुभाजकावर झुडपे आणि जाहिरातफलक नसावेत. चौकात तर नेहमीचा ३० मीटरचा गाळा चालणारच नाही. तिथे ४५ ते ६० मीटरचा लोखंडी गर्डरचा गाळा घ्यावा लागतो, तो महाग पडतो. खर्च वाचवायला चौकाच्या तोंडाशी खांब आणून ठेवला, तर वळणारे प्रत्येक वाहन पुढे काही न दिसता घुसेल. कोणत्या चौकात किती मीटरचा गाळा हे आत्ताच गावांना सांगावे. एचपी चौक आणि म्हाळुंगेचे फाटे यांचा विचार यात सर्वांत आधी व्हावा.

चाकणच्या तळेगाव चौकाचा प्रश्न याहून अवघड आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. तो याच चौकावरून उत्तर-दक्षिण जाणार आणि आपला मार्ग पूर्व-पश्चिम येणार. दोन कामे, दोन यंत्रणा. खालच्या रस्त्यावर साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवायची, त्यावर गर्डरची दोन-अडीच मीटर जाडी. म्हणजे पहिला उन्नत रस्ता सुमारे आठ मीटरवर येतो. त्याच्या वरून दुसरा न्यायचा तर तो सोळा मीटरवर जातो. जड वाहनांसाठी ३० मीटरला एक मीटर असा चढ धरला तर आठ मीटर उतरायला २४० मीटर आणि सोळा मीटर उतरायला ४८० मीटर लांबीचा उतार लागतो. हा उतार नेमका कुठे टेकणार? त्याच्या शेवटच्या शंभर-दीडशे मीटरला दोन्ही बाजूंनी भरावाची भिंत असते आणि तिच्या आरपार कोणाला जाता येत नाही. चाकणची बाजारपेठ, कांद्याचा बाजार आणि जनावरांचा बाजार हे सगळे या चौकाच्या आसपास आहे. कांद्याच्या हंगामात भरलेले टेम्पो आणि ट्रॅक्टर ज्या तोंडाने आत येतात, तिथेच भिंत आली तर बाजार समितीला नवे फाटक काढावे लागेल. दोन्ही यंत्रणांनी चौकाचा एकच संयुक्त नकाशा, उंचीच्या आकड्यांसह, प्रसिद्ध करावा. एकाचे खांब उभे राहिल्यावर दुसऱ्याने आपली उंची ठरवली तर नुकसान चाकणचे होईल.

आता पाणी. रस्ते बांधताना याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि रस्ता सर्वांत आधी पाण्यानेच जातो. चौपदरी उन्नत मार्गाची रुंदी १७ मीटर धरली तर ३० मीटरच्या एका गाळ्यावर ५१० चौरस मीटर क्षेत्र होते. तासाला ५० मिलिमीटर पाऊस, जो या भागात वळवाच्या पावसात सहज पडतो, तो झाला तर एका गाळ्यावरून सेकंदाला सात लिटर पाणी खाली येते. एका किलोमीटरला ते सव्वादोनशे लिटरच्या पुढे जाते. खांबाला लावलेली १५० मिलिमीटरची पन्हळीची नळी एवढे पाणी आरामात आणते. मात्र बहुतेक ठिकाणी नळी जमिनीपासून वीतभर वर संपते. पाणी दुभाजकाच्या मातीत पडते, माती घेऊन आतल्या लेनवर येते आणि तिथे खड्डा पडतो. उन्नत मार्गांखाली दुभाजकाला लागून खड्ड्यांची रांग दिसते तिचे कारण हेच आहे. प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी झाकणाचे चेंबर हवे, तिथून रस्त्याखालून आडवी नळी कडेच्या गटारापर्यंत हवी. ही आडवी नळी रस्त्याचे थर टाकण्याआधीच बसवावी लागते. नंतर रस्ता फोडून बसवली की ती पट्टी कायमची खचते.

गटाराचेही तसेच. गटार फक्त गावठाणासमोर बांधायचे आणि गाव संपले की कोणाच्या तरी शेतात सोडून द्यायचे, ही पद्धत बंद व्हावी. गटार जवळच्या ओढ्यापर्यंत गेले पाहिजे आणि त्या ओढ्याची मोरी तेवढे पाणी घेईल एवढी मोठी असली पाहिजे. रस्ते रुंद होताना मोऱ्यांची लांबी वाढवतात, तोंड मात्र तेवढेच ठेवतात. जुन्या ६०० मिलिमीटरच्या नळ्यांना नव्या नळ्या जोडल्या की काम झाले असे धरतात. शिवाय मधल्या काळात वरच्या बाजूची शेते बिनशेती होऊन गोदामे व पत्र्याच्या शेड आल्या. शेतात जिरणारे पाणी आता थेट ओढ्याला येते. मोऱ्यांचा हिशेब आजच्या जमिनीवरून नव्याने करावा.

आणखी एक नियम निविदेतच घालावा : गावठाणातून जाताना नवा डांबरी थर टाकण्याआधी जुना तेवढ्याच जाडीचा खरवडून काढावा. मिलिंग न करता दर वेळी ४०-५० मिलिमीटरचा थर चढवत गेले की पाच थरांत रस्ता जवळपास पाऊण फूट उंच होतो. मग गटाराचे झाकण रस्त्याच्या खाली राहते आणि पाणी घरांच्या उंबऱ्यावरून आत जाते. जुन्या बाजारपेठांत दुकानाची पायरी आता रस्त्याच्या पातळीला किंवा खाली आलेली दिसते ती याचमुळे. उन्नत मार्गाखाली तर मोकळी उंचीही थराथराने कमी होत जाते.

पायी चालणाऱ्यांविषयी थोडक्यात. पदपथ किमान १.८ मीटर मोकळा असावा आणि रस्त्यापासून १५ सेंटिमीटरहून उंच नसावा. उंच केला की वयस्कर माणसे त्यावर चढत नाहीत, रस्त्यावरूनच चालतात. बसथांबा चौकाच्या तोंडावर न ठेवता चौक ओलांडून पुढे ठेवावा आणि बससाठी बाजूला खाच द्यावी. पाळी सुटल्यावर कंपन्यांच्या बसगाड्या जिथे रांगेने उभ्या राहतात तिथे ही खाच दोन बसची ठेवून उपयोग नाही, सहा-सात बसची लागते. मुख्य रस्त्यावर गतिरोधक मागण्याऐवजी गावांनी प्रत्येक फाट्याच्या तोंडावर, म्हणजे गावातून येणाऱ्या छोट्या रस्त्यावर तो मागावा. प्रमाणित गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. हाताने केलेला हातभर रुंदीचा उंचवटा दुचाकीस्वार साईडपट्टीवरून टाळतात आणि तिथेच चालणाऱ्यांना धडकतात. पुलाखालच्या दिव्यांचे वीजबिल कोण भरणार हेही आधी लिहून ठरावे. ते ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडले की वर्षभरात दिवे बंद होतात.

कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकविषयी चालकांना दोष देऊन काही होत नाही. कारखाने माल ठरलेल्या वेळीच आत घेतात. लांबून आलेली गाडी चार तास आधी पोचली तर तिने उभे कुठे राहायचे? ट्रक टर्मिनलची जागा या प्रकल्पातच धरली पाहिजे, नाहीतर उन्नत मार्गाखालची एक लेन हेच टर्मिनल होईल.

चाकण–शिक्रापूर टप्प्याचा प्रश्न वेगळा. इथे दोन्ही बाजूंना एकाच शेतकऱ्याची जमीन, विहीर एका बाजूला आणि ऊस दुसऱ्या बाजूला, असे जागोजाग आहे. भीमेच्या काठावरून आणलेल्या पाइपलाइन रस्त्याखालून जातात. रुंदीकरणात त्या तुटतात आणि रस्ता झाल्यावर नवी पाइप टाकायला परवानगी मिळता मिळत नाही. मग कोणीतरी रात्रीत रस्ता कापतो. नव्या रस्त्यात कापलेली ती वीतभर चर पावसाळ्यात फूटभर होते. यावर साधा इलाज आहे. भराव टाकण्याआधी दर २००-२५० मीटरला ३०० ते ४५० मिलिमीटर व्यासाची रिकामी सिमेंटची नळी आडवी टाकून ठेवायची, दोन्ही तोंडे बंद करून वर खुणेचा दगड लावायचा. लागेल त्याने त्यातून आपली पाइप किंवा केबल न्यायची. प्रकल्पाच्या खर्चात ही रक्कम दिसणारही नाही.

तसेच दुभाजक. दोन-दोन किलोमीटर सलग दुभाजक दिला तर दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर चार किलोमीटरचा वळसा घेणार नाही, तो उलट बाजूने येईल. रात्री दिवा नसलेली ट्रॉली समोरून येणे हा या भागातला सर्वांत जीवघेणा प्रकार आहे. जिथे शेतरस्ते आणि पाणंद रस्ते मिळतात तिथे ट्रॅक्टर जाईल असा भुयारी रस्ता द्यावा. तो ओढ्याच्या मोरीतच बसवून दोन्ही कामे एकात करू नयेत. पावसाळ्यात तो बंद होतो आणि लोक पुन्हा वर येऊन दुभाजक फोडतात.

कामाचा क्रम हा आमच्या दृष्टीने सर्वांत तातडीचा मुद्दा आहे. मध्यावर खांबांचे काम सुरू झाले की पत्रे लावून आठ-नऊ मीटर जागा घेतली जाते. आजचा रस्ता मुळात दुपदरी, म्हणजे पत्रे लागले की तो संपला. वाहतूक साईडपट्टीवर जाते, साईडपट्टीत महावितरणचे खांब, पाण्याच्या वाहिन्या आणि गटाराची खोदाई. पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. म्हणून क्रम असा हवा : आधी भूसंपादन आणि मोबदला, मग विजेचे खांब व वाहिन्या हलवणे, मग गटार, मग दोन्ही बाजूंचे रुंदीकरण खडीकरणासह पूर्ण डांबरी करणे, त्यावर वाहतूक वळवणे आणि शेवटी मध्यावर पत्रे. पर्यायी रस्ता मुरमाचा चालणार नाही; त्यावरून तेच ४०-५० टनांचे ट्रेलर जाणार आहेत. ठेकेदाराला पहिले देयक खांबांच्या पायाचे मिळते म्हणून तो पायापासून सुरू करतो. देयकांचे टप्पेच असे बांधावेत की बाजूचे रस्ते झाल्याशिवाय पायाचे पैसे निघणार नाहीत.

जमिनीबाबत शेतकऱ्यांनी आणि गावठाणातल्या घरमालकांनी आतापासून काही कागद जमवून ठेवावेत. नोटिशीवर कायद्याचे नाव असते ते आधी वाचावे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली अधिसूचना निघाली असेल तर हरकत घ्यायला २१ दिवस असतात. मोजणीच्या दिवशी हजर राहून विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडे आणि बांधकाम पंचनाम्यात वेगवेगळे लिहून घ्यावे. 'इतर' या एका शब्दाखाली घातलेल्या गोष्टींचे मूल्यांकन होत नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, घरपट्टीच्या पावत्या आणि ड्रोन मोजणीनंतरची सनद असेल तर ती, हे कागद लागतात. अनेक ठिकाणी पूर्वी रस्त्यात गेलेली जमीन सातबाऱ्यावर अजून शेतकऱ्याच्याच नावे आहे. ती पट्टी रस्त्याचीच होती असे धरून मोजणीत सोडली जाते. जुने संपादन झाल्याचा निवाडा दाखवा, असे लेखी विचारण्याचा हक्क मालकाला आहे.

गावाबाहेरून वळणरस्ता (बायपास) का नको, असे कोणी विचारील. नाशिक महामार्गावर राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव यांना वळणरस्ते मिळाले आणि गावांतली कोंडी हलकी झाली. चाकण–म्हाळुंगे पट्ट्यात तेवढी सलग मोकळी जमीन आता उरलेली नाही. आणि जिथे ती आहे, त्या शिक्रापूरच्या बाजूला वळणरस्त्यापेक्षा इमारत रेषा पाळणे अधिक गरजेचे आहे. मोकळ्या मुलखात राज्य मार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत बांधकाम नको, हे इंडियन रोड्स काँग्रेसचे प्रमाण आहे. नवा रस्ता झाल्या झाल्या त्याच्या कडेला दुकानांचे गाळे निघाले तर दहा वर्षांत तोही बाजाराचा रस्ता होतो आणि पुन्हा नवा वळणरस्ता शोधावा लागतो. मोजणीबरोबरच या रेषेचे दगड रोवावेत.

शेवटी एक साधी विनंती. आराखडे साखळी क्रमांकात, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या किलोमीटर-मीटरमध्ये, लिहिलेले असतात; '१२/४५०' म्हणजे गावातली कोणती जागा हे गावकऱ्याला समजत नाही. हे काम करणाऱ्या महामंडळाने प्रत्येक खांबाची, प्रत्येक वळणाची आणि भरावाच्या भिंतीच्या सुरुवातीची जागा आजच्या डांबरावर पिवळ्या रंगाने आखावी, क्रमांक टाकावा आणि त्या खुणा महिनाभर राहू द्याव्यात. शाळेत जाणारी मुले, दूध घालायला जाणारा, कामावर जाणाऱ्या बाया आणि ट्रेलरचा चालक त्यावरून रोज ये-जा करतील. कोणता खांब ओलांडणीच्या आड येतो आणि कोणते वळण चुकीच्या जागी आहे, हे ग्रामसभेत क्रमांकासह सांगता येईल. त्यानंतर खांबांच्या पायासाठी भोक पाडणारे यंत्र आणावे.

आपले,
रस्ते बांधकामातील निवृत्त अभियंते व सर्वेक्षक
(मावळ, खेड आणि शिरूर तालुके)